चारठाण्याच्या भिंतीवरचं सरतं

आधीच सांगून ठेवते, मी काही शिकलेली बाई नाही. पोरं शाळेला जायला लागली तेव्हा त्यांच्या पुस्तकात बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले, आणि लिहायला त्याच्याही नंतर. म्हणून ह्या लिहिण्यात बोलणं लय आलंय. पण जिंतूर-चारठाण्याला जाऊन आल्यापासून आमच्या पेडगावातल्या बाया रोज ओट्यावर येऊन बसायल्यात. "गोदाक्का, काय काय बघितलं? गोदाक्का, ते बैलाचं काय झालं?" सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी नातवाची कोरी वही घेतली. आता ज्यांना ऐकायचंय त्यांनी वाचावं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचणाराला चहा पाजून वाचून घ्यावं.

तर झालं असं. दसरा होऊन गेला होता. माझी नणंद सरू राणीसावरगावहून चार दिवस राहायला आली होती. तिनं कुणाच्या तरी मोबाईलवर चारठाण्याच्या देवळाचे फोटो बघितलेले. मला म्हणाली, "वैनी, लोक इमानात बसून लांब लांब दगडं बघाय जायलेत. आपल्या जिल्ह्यात एवढं हाय म्हणं, आन् आपुन सत्तरीला आलाव तरी बघितलं न्हाई."

माझे मालक ओसरीवर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "दगडंच बघायचे तर बांधावर लय पडलेत. बस बी लागत न्हाई."

"दादा, तू गप बस," सरू म्हणाली. "तू जल्मभर बैलाचं शेपूट बघितलं, तुला काय कळतंय?"

भाऊ-बहिणीचं असं चालू असताना मी आत जाऊन पिशवी भरायला घेतली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन लुगडी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परभणीला, आणि तिथून जिंतूरच्या बसमध्ये.

नेमगिरी

जिंतूरच्या स्टँडवर उतरलो तर रिक्षावाल्यांनी घेरलंच. त्यातले एक मेंदी लावलेल्या दाढीचे, आमच्याच वयाचे, बाजूला शांत उभे. रफिकभाई त्यांचं नाव. मी विचारलं, "भाऊ, तुमची रिक्षा डोंगर चढंल का?"

ते म्हणाले, "अम्मा, ये आटो मेरी उमर का है. चढता, लेकिन बीच में दम खाता. चलतंय का?"

मला असा खरं बोलणारा माणूस आवडतो. तीन दिवसांसाठी तेच ठरवले. मुक्काम जिंतुरातच, सरूच्या सासरकडच्या एका भाचीकडं.

नेमगिरीचा डोंगर गावाबाहेर लगेच आहे. डोंगराच्या पोटात जैनांच्या गुंफा आहेत आणि त्यांत ह्या एवढाल्या मूर्त्या. गंमत अशी की मूर्ती मोठी आणि दार बारकं. इतकं बारकं की वाकून नाही, जवळजवळ बसून आत सरकावं लागतं. मी अंगानं वाळकी, सुळकन गेले. सरू दारात आली आणि अडकली. ना आत, ना बाहेर.

"वैनी, वढ!"

"कुठनं वढू? हाताला काय लागंल ते वढू का?"

"हासू नगं, माझा जीव चाललाय!"

तिथले पूजा करणारे गृहस्थ लय शांत. म्हणाले, "बाई, घाबरू नका. श्वास सोडा आणि खांदा तिरपा करा. देवापुढं येताना माणसानं थोडं कमी होऊनच यावं." सरूनं श्वास सोडला, खांदा तिरपा केला, आणि पिशवीतून कोहळा सटकावा तशी माझ्या अंगावर आली.

पण आतलं निराळंच. बाहेर ऊन कडकडीत, आणि आत माठातल्या पाण्यासारखं गार. तो एवढा मोठा देव डोळे मिटून बसलेला. एका गुंफेतली मूर्ती तर इवल्याशा दगडावर तोललेली आहे असं सांगतात. मी जमिनीला गाल लावून बघितलं. खालून उजेड दिसला की मला तसं वाटलं, ते देवाला ठाऊक.

तिथल्या लोकांची एक रीत मला पटली. दिवस बुडायच्या आत जेवून घेतात. आमच्याकडं दिवस बुडाला की मग तवा चुलीवर चढतो, आणि मालक जेवूस्तोवर शेजारच्यांची पहिली झोप होते. मी सरूला म्हणलं, आपण हे चालू करू. ती म्हणाली, "दादाला सांग आधी." तिथंच विषय संपला.

येलदरी

दुसऱ्या दिवशी येलदरीचं धरण. पूर्णा नदी आपण परभणीकर काय नवीन बघायची? पण तिला अशी भिंतीआड भरून बसलेली बघितली आणि वाटलं, माहेरी आलेली बाई कशी पाय पसरून निवांत बसते, तशी बसलीय. पाणी लांबपर्यंत निळं, आणि काठाला होड्या.

काठावर एका कोळणीच्या झोपडीपुढं मासे मिळाले. सरूच्या गळ्यात माळ, ती खात नाही. मी खाते. तांबडा रस्सा असा जाळ की पहिल्या घासाला कानातून वारा गेला. कोळीण म्हणाली, "मावशी, पाणी पिऊ नगा, भाकर चावा." सरू पलीकडं तोंड करून धपाटा खायलेली, पण नाक इकडंच. "वास तर चांगला यायलाय," म्हणाली. मी म्हणलं, "वासाला माळ आडवी येत न्हाई, घे."

उठताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रफिकभाईंनी रिक्षातली तार काढून असा शिवला की अजून तीच चप्पल घालते.

इथवरचा प्रवास म्हणजे दोन म्हाताऱ्यांची मजा. तिसऱ्या दिवसाचं निराळं आहे. ते नीट बसून ऐका.

चारठाणा

चारठाणा म्हणजे गावात देवळं नाहीत, देवळांत गाव आहे. कुठं वळा, कोरलेला दगड. कुणाच्या भिंतीत अर्धी अप्सरा, कुणाच्या दारात पायरी म्हणून टाकलेला नक्षीचा तुकडा. वर्षाचे दिवस तेवढी देवळं होती म्हणे इथं एकेकाळी. मोजायला कोण गेलंय, पण उरलेली बघितली तरी मान दुखते. एक उंच खांब उभा आहे एकटाच, त्यावर थरावर थर, जसं काही लाकडाच्या लाटण्यासारखे चरकावर फिरवून काढलेत. आणि बारव! पायऱ्या उतरत जाव्यात आणि खाली पाणी. पायऱ्यांवर बसून सरूनं पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "आपल्याकडं हीर खांदली की बायाला पाणी वढून वढून घट्टे पडत्यात. ह्यांनी बघ, बाईलाच पाण्यापशी नेऊन बसवलंय."

तिथं धुणं घेऊन आलेल्या एका बाईनं विचारलं, "गुरुजीचं बघितलं का? त्यांच्या घरात लय जुन्या वस्तू हायेत. फुकट दावतेत, वर चहा बी देतेत."

गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले एक मास्तर. माळवदाचं, जाड भिंतींचं घर. पुढच्या दोन खोल्या त्यांनी वस्तूंनी भरून टाकल्यात. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात पट्टी, आणि बोलणं असं की आपण आपोआप मांडी घालून बसावं. त्यांच्या मंडळी वत्सलाबाई पाणी घेऊन आल्या आणि उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या. आम्ही काही विचारलं की त्या नुसतं गुरुजींकडं बघायच्या.

वस्तू मात्र बघाव्यात. निजामाच्या वेळचे हाली पैसे, मुठीएवढी कुलपं, धान्य मोजायची पायली, अधोली, तांब्याचे हंडे, लाकडी काथवट. प्रत्येकाला धागा बांधून पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर सुबक अक्षर. सरू मला कोपरानं ढोसायली. "वैनी, हे तर आपल्या माळ्यावर हाय. आपुन पण चिठ्ठ्या लावू, अन् दादाला मधी बसवू."

आणि मग मी भिंतीकडं बघितलं.

सनई आणि हलगीच्या मधी, खिळ्याला टांगलेली बांबूची नळी. कंबरेएवढी लांब, वरच्या तोंडाला लाकडाची वाटी. खाली चिठ्ठी: "लोकवाद्य. तोंडाने फुंकून वाजवीत असत."

मी म्हणलं, "गुरुजी, हे काय हाय?"

"उत्तम प्रश्न," गुरुजी म्हणाले. त्यांनी ती नळी खाली काढली, गाल फुगवले आणि वाटीत तोंड घालून फुंकलं. भोंऽऽऽ. "पाहा, कसा गंभीर नाद आहे! शाळेच्या सहली येतात, मुलांना हे फार आवडतं. माझी पुस्तिका छापायला चालली आहे परवा. मुखपृष्ठावर हेच घेतलंय."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी डोळ्यांतून पाणी. सरूचंही तेच. गुरुजी चकित होऊन बघायले. आणि मग कसं कोण जाणे, माझं हसू मधेच थांबलं.

कारण ते सरतं होतं.

आता नव्या पोरींना सांगायला पाहिजे. रब्बीची ज्वारी पेरताना तिफण चालायची. तिला तीन दात. पुरुष बैल हाकायचा, एक बाई चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या भोकाभोकाच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून ज्वारी सोडायची. पण ज्वारीत मधेमधे करडईचं तास, म्हणजे ओळ, पाहिजे, तेलाला. मग चाड्याचं एक भोक चिंधीनं बुजवायचं, आणि त्या दाताच्या मागं दोरीनं बांधलेलं सरतं. ते धरून दुसरी बाई चालायची आणि वाटीत करडईचा एकेक दाणा सोडायची. बी मातीत पडतंय का नाही हे डोळ्यांना दिसत नाही. बांबूत दाणे खळखळ वाजतात, ते ऐकायचं. कानानं पेरणी करायची असते ती.

मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन पेडगावला आले आणि सरतं धरलं. मालक तिफण हाकायचे, मी मागं. माझं करडईचं तास असं सरळ निघायचं की शेजारपाजारच्या वावरातनं बोलावणं यायचं, "सरतं धरायला गोदाला पाठवा." स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं, सासूनं रंगाला नाव ठेवलं, पण तासाला कुणी नाव ठेवलं नाही. पुढं ट्रॅक्टर आला, त्याचं पेरणीयंत्र आलं. एका पावसाळ्यात वाळलं सरपण नव्हतं, तर मी आमचं सरतं माझ्याच हातानं चुलीत घातलं. चहा केला त्याच्यावर. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आणि आता ते इथं भिंतीवर होतं, आणि परवा पुस्तकात पिपाणी म्हणून छापलं जाणार होतं. एकदा छापलं की झालं. माझ्या नातवंडांची नातवंडं म्हणतील, आमची खापरपणजी पिपाणी वाजवायची.

मी गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. "बाई, ज्या घरातून हे मिळालं तिथं सोबत सनई होती, हलगी होती."

"आमच्या घरात मुसळाजवळ रेडिओ असतोय. म्हणून मुसळावर बातम्या लागत्यात का?"

सरू खदखदली. गुरुजी हसले नाहीत. मी नळी उलटी केली. "हे बघा, खालचं टोक एका अंगानं झिजलंय. तोंडानं फुकायच्या वस्तूचं बूड मातीत कामून झिजंल? आन् ही दोरी घासल्याची खूण."

"झीज कशानेही होते. मला पुरावा हवा. अख्खी नोकरी मी मुलांना हेच शिकवलं, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका."

"मंग पेरूनच दावती की आमची वैनी!" सरू म्हणाली. "तिफण आणा, बैल आणा."

मी तिच्याकडं असं बघितलं! अगं, तीस वर्षांत हातात धरलं नव्हतं मी सरतं. गुडघे बसले की उठत नाहीत. पण गुरुजींनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. वापसा आहे, पेरणीजोगी ओल आहे, आणि किसनरावांची बैलजोडी अजून आहे. उद्या सकाळी. तास नीट उगवलं, तर मुखपृष्ठ बदलेन. छपाई थांबवतो तोवर. नाही उगवलं, तर चिठ्ठी आहे तशीच राहील."

वत्सलाबाई उंबऱ्यावरून उठल्या आणि आत गेल्या. जाताना त्यांनी माझ्या हातातलं सरतं घेतलं, पदरानं पुसलं आणि परत भिंतीला टांगलं. कसं टांगलं ते मी बघितलं. वाटी वर, झिजलेली बाजू मागं. ज्या अंगानं ते चालतं, त्याच अंगानं.

किसनरावांचं वावर

तिसऱ्या दिवसाचा चौथा झाला. सकाळी रफिकभाई आम्हाला घेऊन आले. ते तर स्टँडवरच्या चार जणांना सांगून आले होते, "आज अम्मा का मॅच है." वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ही गर्दी. किसनरावांनी, ते साठीचे शेतकरी, माळ्यावरची तिफण काढून, दोऱ्या बदलून तयार ठेवलेली. काळी माती मऊ, मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोट लावलं की फुटावा, अशी.

किसनरावांच्या बायकोनं तिफणीला हळदकुंकू लावलं, मग मला लावलं, सरूला लावलं. आमच्याकडं नारळ आधी फोडतात, त्यांच्याकडं पेरणी झाल्यावर फोडतात. मी म्हणलं, हे बरं, काम बघून नारळ. तिनं माझ्या ओटीत करडई टाकली. पांढरीशुभ्र, टपोरी. मी तार लावलेली चप्पल धुऱ्यावर काढली. मातीत पाय पडला आणि गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं काय माहीत.

चाड्यावर किसनरावांची बायको, मागं मी. "चल रं राजाऽ," किसनराव म्हणाले. बैल निघाले.

मी मूठ सोडायला लागले. एक पाऊल, दोन पावलं, पाच पावलं. धुऱ्यावरनं सरू ओरडायली, "अशी चालली बघा, अशी!" आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते कळेना. मग कळलं. आवाज नव्हता. बांबू मुका होता.

"थांबाऽ!" मी ओरडले.

सरतं उचललं तर खालच्या तोंडात मातीचा बोळा गच्च बसलेला, आणि नळीत दाणे साठून राहिलेले. दहा पावलं रिकामी गेली होती. धुऱ्यावर कुणीतरी म्हणालं, "फुकून बघा मावशी, वाजतंय का!" आणि सगळी हसली. गुरुजी हसले नाहीत, ते नुसते बघत होते. त्यानंच जास्त लागलं. असं वाटलं, आता हे पिपाणीच राहणार, आणि माझ्यामुळंच राहणार.

तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला. वत्सलाबाई. त्यांनी माझ्या हातातलं सरतं घेतलं, काडीनं बोळा काढला, नळी मांडीवर दोनदा आपटली आणि हळूच, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उभ्या बैलाला टेकवलं माय तुमी. उचलून धरायचं. बैल निघाला की मंग टेकायचं."

मी विचारलं, "तुमाला ठावं हाय?"

"माझ्या माहेरी आम्ही तिघी बहिणी धरत होताव."

"आन् मंग कवा बोलला न्हाईत?"

त्यांनी धुऱ्याकडं बघितलं, जिथं गुरुजी उभे होते. "आणलं त्याच दिवशी त्यांनी पोरांम्होरं फुकून दावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते एवढे खूश झाले, मंग मी त्यांचं तोंड कसं पाडू? ते फुकायचे, मी पुसून ठिवायची. अन् इचारलं कुणी न्हाई मला."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण रडायला वेळ नव्हता, बैल उभे होते. त्यांनी सरतं माझ्या हातात परत दिलं. मी उचलून धरलं. किसनरावांनी हाक दिली, बैल निघाले, दोर ताणला, आणि मग मी टेकवलं.

खळखळ. खळखळ. खळखळ.

बायांनो, काय सांगू तो आवाज! तीस वर्षं कुठं दडून बसला होता कानात. हात आपोआप चालायला लागला. अंगठा दाणा ढकलतो, मधलं बोट मोजतं. दुसऱ्या धुऱ्यापर्यंत गेले, वळाले, परत आले. गुडघा नाही, वय नाही, काही नाही. वळणावर मी सरतं वत्सलाबाईंपुढं धरलं. "घ्या."

"मी?"

"मंग काय मी एकटीनंच नाव काढू?"

त्यांनी घेतलं. त्यांचं तास माझ्याहून सरळ, हे मी आज कबूल करते, तिथं नाही केलं. धुऱ्यावरचं हसणं कधीच थांबलं होतं. रफिकभाई टाळ्या वाजवायले, "वाह अम्मा! वाह भाभी!" आणि गुरुजी वावरात उतरले, पांढऱ्या सदऱ्यानिशी, बूट काढून, वत्सलाबाईंच्या मागं मागं चालायला लागले. नळीजवळ कान नेला. एक अख्खं तास ते तसे वाकून, कान लावून चालले. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "वत्सला, हे तुला येत होतं?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "तुमी परीक्षा कवा घेतली?"

सगळं वावर हसलं. ह्या वेळी गुरुजीही हसले. नारळ फुटला. किसनरावांच्या बायकोनं पेरणाऱ्या बाईचा मान म्हणून आमच्या दोघींच्या ओट्या परत बियांनी भरल्या, आणि वावरातच पिठलं, भाकरी आणि करडईचं तेल घातलेली लाल चटणी. आमच्या भाकरीपेक्षा तिथली भाकरी मोठी, ताटाबाहेर जाते. सरूनं अडीच खाल्ल्या. मी मोजल्या.

तरी गुरुजी ते गुरुजीच. निघताना म्हणाले, "उगवू द्या. पुरावा उगवल्यावर."

पेडगाव

घरी येऊन आठ दिवस मी काय काढले, माझं मला ठाऊक. बी खोल पडलं असलं तर? पाखरांनी खाल्लं असलं तर? मालक म्हणायचे, "तू पेरलंय ना, मंग उगवंल. गप झोप."

नवव्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. काळ्या मातीत ज्वारीची हिरवी सुई, आणि तिच्या मधून करडईचं तास. सरळ. दोरी धरून ओढल्यासारखं. खाली गुरुजींनी दोनच शब्द लिहिले होते: "मान्य, बाई."

आणि परवा, महिना होत आला असेल, जिंतूरच्या बसच्या कंडक्टरकडून एक पिशवी आली. रफिकभाईंनी पाठवलेली. आत कोवळी करडईची भाजी, विरळणी करून काढलेली, आमच्याच तासातली. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तिका. मुखपृष्ठावर आम्ही दोघी, पाठमोऱ्या, तिफणीच्या मागं. आत पाचव्या पानावर तास उगवल्याचा तो फोटो आणि छापलंय: "सरतं. रब्बी ज्वारीत करडई पेरण्याचे अवजार. हे बायाच धरत. बी पडते आहे की नाही, हे त्या कानाने ओळखत. पूर्वी मी यास वाद्य समजत होतो, ती चूक माझी. माहिती: वत्सलाबाई, चारठाणा, आणि गोदाबाई, पेडगाव."

माझं नाव. छापलेलं. बोट ठेवून तीनदा वाचलं, जसं पहिल्यांदा वाचायला शिकले होते तसं.

मी गुरुजींना फोन केला. म्हणाले, "आता सहली आल्या की मी फुंकत नाही. वत्सला अंगणात पेरून दाखवते. पण पोरं लबाड, बाई. शेवटी म्हणतात, गुरुजी, एकदा वाजवा की!"

"मंग?"

"मग काय, वाजवतो."

रात्रीच्या जेवणाला करडईची भाजी केली, लसणाची फोडणी देऊन. मालकांच्या पुढं ताट ठेवलं आणि बाजूला पुस्तिका. त्यांनी चष्मा लावला, पान उघडलं, फोटो उजेडाकडं धरला. जन्मभर माझ्यापुढं तिफण हाकलेला माणूस तो. लय वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, वा गोदे.

म्हणाले, "तास चांगलं हाय. पण ही पयली दहा पावलं रिकामी कामून?"

"तिफण तुमी हाकत नव्हता, म्हणून," मी म्हणलं.

त्यांनी चष्मा काढला, पुस्तिका जपून ताटापासून लांब ठेवली, आणि भाकरी अजून एक मागितली.